तबकातील जुनी अंगठी आणि कोरी वही

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपल्याकडे चौरंगावर जी मांडणी होते, तिच्यात दोन वस्तू एकमेकींच्या शेजारी असतात. एका तबकात घरातील सोनेनाणे असते आणि त्याच्या बाजूला कुंकवाने स्वस्तिक रेखाटलेली, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलेली कोरी वही असते. लातूरसारख्या आडतीच्या गावात पेढीवर वहीला मान अधिक, घरात अलंकारांना अधिक, इतकाच काय तो भेद. परंतु ज्या पूर्वजांनी हा विधी घालून दिला, त्यांनी धनाला आणि धनाच्या नोंदीला एकाच वेळी हळदकुंकू वाहिले, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेत नाही. पोत्यांचा, उधारीचा, हमालीचा हिशेब आपण कीर्दीत चोख लिहितो. मात्र शेजारच्या तबकात काय आहे, ते कोणाचे आणि कोठून आले, याविषयी घरातील एकाही वहीत एक ओळ नसते.

त्या तबकात बहुधा एखादी जुनी अंगठी असते. पाटल्या-बांगड्या वापरात असतात, मंगळसूत्र तर सौभाग्याचेच. ही अंगठी मात्र कोणी घालत नाही. तिची पाठ बंद असते, मध्ये माणिक आणि सभोवार लहान खडे, त्यांतील एखादे कोंदण रिकामे. ‘ही थोरल्या आईंची’ एवढेच घरात ठाऊक असते. थोरल्या आई म्हणजे नेमक्या कोण, हे सांगणारे माणूस थकलेले असते किंवा गेलेले असते. वर्षातून एकदा ती बाहेर निघते, तिला कुंकू लागते आणि ती पुन्हा डबीत जाते. अशा अंगठीवर दिवाळीच्या तोंडावरच संकट येते. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांची वेस ओलांडली आणि नवा डाग घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घराची दृष्टी प्रथम याच डबीकडे वळू लागली. गंजगोलाईच्या मध्यभागी १९१७ साली उभारलेली ती गोल दुमजली इमारत, तिच्या पोटातील अंबाबाईचे देऊळ आणि तेथून फुटणाऱ्या सोळा वाटा लातूरकरांना सांगावयास नकोत. त्यांतील सोन्याच्या दुकानांकडे जाणाऱ्या वाटेने किती जुन्या अंगठ्या मुशीत गेल्या असतील, याची गणती कोण करणार?

जुनी अंगठी कधीच मोडू नये, असा हट्ट येथे धरावयाचा नाही. म्हणणे एवढेच आहे की, ती वहीत लिहिल्यावाचून मोडू नये, लिहिल्यावाचून वाटू नये आणि लिहिल्यावाचून देवालाही वाहू नये. हे म्हणणे वरकरणी हिशेबी वाटेल; पण त्याचे मूळ आपल्या धर्मग्रंथांत आणि काव्यांतच आहे.

रामायणातील मुद्रिकेचा प्रसंग पाहा. हनुमंत अशोकवनात पोहोचला तेव्हा सीतामाईला त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. रावण मायावी होता, रूपे पालटणारा होता. समोर बोलणारा वानर कोणाचा, हे कोणत्या प्रमाणावर ठरावे? ते ठरले प्रभू रामचंद्रांच्या नावाने अंकित अशा अंगठीवर. वाल्मीकींनी त्या अंगठीचे वजन सांगितले नाही, तिच्यातील रत्नांची किंमतही सांगितली नाही. तिच्यावर नाव होते, हे मात्र आवर्जून सांगितले. कालिदासाच्या शाकुंतलातही तेच. दुष्यंताने दिलेली अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडली, रोहित माशाच्या पोटात गेली, कोळ्याच्या हाती लागली आणि बिचाऱ्या कोळ्याला नगररक्षकांनी चोर म्हणून धरले. पुढे राजाची स्मृती जागी झाली ती त्या अंगठीवरील स्वतःचे नाव पाहून. त्या नावाची अक्षरे दिवसाला एक याप्रमाणे मोज, ती संपतील तोवर तुला न्यावयास माझा माणूस येईल, असे तो शकुंतलेला सांगून गेला होता. म्हणजे अंगठी ही आपल्या परंपरेत शोभेच्या आधी साक्ष आहे. मुद्राराक्षसात हीच साक्ष चाणक्याच्या हाती पडली, तेव्हा तिने अमात्य राक्षसाचा केवढा घात केला, हे नाटक वाचणारे जाणतात. आपल्या घरातील अंगठ्यांवर नाव नसते. नाव नसलेल्या अंगठीची साक्ष माणसाच्या तोंडी असते आणि माणूस गेले की ती मुकी होते.

आता ती अंगठी दुकानात नेल्यावर काय घडते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण बहुतेक घरांत हा व्यवहार डोळे मिटून होतो. जुन्या जडावाच्या कामात खडा आजच्यासारखा दातऱ्यांत धरलेला नसतो. अंगठीचे कोंदण आतून पोकळ असते, त्यात लाख भरलेली असते, खड्याखाली चकाकीसाठी पातळ वर्ख घातलेला असतो आणि शुद्ध सोन्याची मऊ पट्टी खड्याभोवती दाबून त्याला बसविलेले असते. यालाच आपण कुंदनाचे काम म्हणतो. येथे हिरादेखील पैलू न पाडलेला, चपटा असतो. त्याचे तेज त्याच्या स्वतःच्या कापात नसून खालच्या वर्खात असते. अशी अंगठी मोडली की लाख वितळते, वर्ख जळतो आणि खडे सुटे होऊन कागदाच्या पुडीत येतात. पुडीतले ते खडे निस्तेज दिसतात. मग घरातील माणसे म्हणतात, ‘खोटेच होते वाटते!’ ते खोटे नव्हते. ज्यामुळे ते उजळत होते, ते आपण जाळले.

हिशेबाचेही असेच. समजा, अंगठी तराजूवर आठ ग्रॅम भरली. त्यात खडे व लाख मिळून तीन ग्रॅम निघाले, तर सोने उरले पाच ग्रॅम. ते वीस कॅरटचे ठरले, तर शुद्ध सोने सव्वाचार ग्रॅमलाही थोडे कमीच झाले. त्यातून आटणीची घट गेली. खड्यांची किंमत मोडीच्या व्यवहारात बहुधा धरली जात नाही. वर नव्या डागाची घडणावळ आपणच देतो. आठ ग्रॅमची अंगठी देऊन चार ग्रॅमची आणली, असा हा व्यवहार असतो. त्यात सराफाची लबाडी असते असे नव्हे. तो त्याच्या धंद्याच्या रीतीने बरोबरच असतो. सोन्याचा भाव त्याने दिला. कारागिरीचा भाव मागावयाचा असतो, हे आपल्याला माहीत नव्हते. जो हात अशी अंगठी घडवी, तो आता दुर्मिळ झाला आहे. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली, तेव्हा कित्येक सोनारांच्या भट्ट्या विझल्या. ती मर्यादा पुढे उठली, १९६८ चा कायदाही १९९० साली रद्द झाला. परंतु धंदा सोडून गेलेल्या बापाच्या मुलाने पुन्हा फुंकणी हाती धरली, असे थोडेच घडले.

एक भ्रम येथेच दूर करावा. ‘हॉलमार्क नाही, आता हिला किंमत नाही, मोडून टाका’ असा सल्ला अलीकडे ऐकू येतो. हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, ती विक्रेत्यावर. घरात असलेला जुना दागिना ठेवण्यास किंवा सराफास विकण्यास तिची आडकाठी नाही, आणि कुंदन, पोलकी व जडावाचे काम तर त्या सक्तीतून वगळलेलेच आहे. तेव्हा शिक्का नाही एवढ्या कारणाने मुशीचा रस्ता धरण्याची घाई नको.

अंगठी कोणाची, हा प्रश्न याहून नाजूक आहे. त्याचा विचार ज्या गावी झाला, ते गाव आपल्यापासून दूर नाही. आज कर्नाटकात बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. पुढे शतकानुशतके हिंदू कुटुंबांच्या वाटण्या तिच्या आधारे झाल्या. त्याच विक्रमादित्याच्या पुत्राने, तिसऱ्या सोमेश्वराने, मानसोल्लास रचला आणि त्यात राजाच्या कोशाचे वर्णन करताना रत्नपरीक्षेचा विचार मांडला. एकाच राजधानीत, दोन पिढ्यांच्या आत, एका ग्रंथाने रत्न कसे ओळखावे हे सांगितले आणि दुसऱ्याने ते कोणाचे हे सांगितले! वस्त्रे आणि अलंकार यांना मनूने अविभाज्य वस्तूंत गणले आहे. पतीच्या हयातीत स्त्रियांनी अंगावर घातलेले अलंकार वारसांनी वाटून घेऊ नयेत, असाही त्याचा निर्बंध आहे. विज्ञानेश्वराने तर स्त्रीधनाची व्याप्ती वाढवून वारशाने, खरेदीने, वाटणीने आलेले धनही त्यात धरले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्री तिच्या धनाची पूर्ण स्वामिनी ठरली, ती या जुन्या विचाराशी विसंगत म्हणता येणार नाही.

आणि घरात काय होते? सासूबाईंची अंगठी मोडावयाची की नाही, हे मुलगे ठरवितात. सासूबाई ओसरीवर बसून ऐकतात. ‘आई, तू आता थोडीच घालणार आहेस?’ हा प्रश्न विचारला जातो तो उत्तराची अपेक्षा न ठेवता. देवीची पूजा करणाऱ्या घरात असे घडावे, याचा खेद वाटतो. ज्या सायंकाळी लक्ष्मीला चौरंगावर बसवून तिच्यापुढे लाह्या-बत्तासे ठेवावयाचे, त्याच आठवड्यात घरच्या लक्ष्मीचे धन तिला न विचारता बाजारात न्यावयाचे, या दोन गोष्टी एका घरात नांदू नयेत.

तथापि, अडचणीच्या काळी मोडलेल्या सोन्याला कोणी दोष देऊ नये. मराठवाड्यात सोने हा शृंगार नंतर, आधी तो दुष्काळातला आधार आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी घराघरांतून जे सोने तारण पडले किंवा विकले गेले, त्यातून बी-बियाणे आले, मुलांची शिक्षणे झाली, औषधे आली. अशा वेळी अंगठी आपले कार्य करून गेली, असेच म्हटले पाहिजे. आक्षेप आहे तो हौसेसाठी होणाऱ्या मोडीला. आणि अडचणीत मोडली तरी तिची ओळ वहीत राहावी, हा आग्रह आहेच. ‘अमुक सालच्या दुष्काळात पेरणीसाठी मोडली’ ही नोंद नातवाने वाचली, तर त्याला घरचा इतिहास कळेल.

देवस्थानांच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत दिसते. आपल्या भागातील किती स्त्रियांनी नवस फेडताना बोटातली अंगठी काढून तुळजाभवानीच्या चरणी वाहिली असेल! वाहताना तिचा तोल कोणी पाहत नाही, पाहूही नये. पण वाहिल्यानंतर ती जगदंबेची झाली, आणि जगदंबेच्या धनाची नोंद चोख असणे हे व्यवस्था पाहणाऱ्यांचे कर्तव्य ठरले. २०२० साली तुळजापूरच्या खजिन्यातील प्राचीन नाणी व अलंकार गहाळ झाल्याबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला, तेव्हा भाविकांच्या मनाला जो धक्का बसला, तो केवळ सोन्याच्या किमतीचा नव्हता. दोषी कोण हे न्यायालयाने पाहावे. आपण एवढेच पाहावे की, वस्तू गेली हे कळते ते जुन्या यादीशी ताळा घातल्यावरच. यादीत जे नाही ते गेले तरी कोणाला कळत नाही. अर्पण झालेले सोने वितळवून त्याच्या लगडी कराव्यात, असे विचारही मधूनमधून पुढे येतात. साध्या, तुटक्या दागिन्यांपुरते ते समजण्यासारखे आहे. परंतु जुन्या जडावाची अंगठी आणि कालची वेढणी एकाच मुशीत जाऊ नये, यासाठी आधी जाणत्याकडून निवड आणि छायाचित्रासह नोंद झालीच पाहिजे. भाविकाने हे विचारणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे नव्हे.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण ज्या निजामाच्या राज्यात होतो, त्याच्या जवाहिराची व्यवस्था सातव्या निजामाने १९५० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत न्यास करून लावली. त्यामुळे त्यातील वस्तू यादीसह टिकल्या आणि १९९५ साली भारत सरकारने १७३ वस्तूंचा तो संग्रह सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतला. त्यात अंगठ्या आहेत, सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा आहे. त्या वैभवात मराठवाड्याच्या रयतेने भरलेल्या साऱ्याचाही वाटा होता, हे येथे म्हटल्यावाचून राहवत नाही. पण नोंदीचा महिमा पाहा: राज्य गेले, राजवाडे ओसाड झाले, पण यादीतील अंगठी मात्र जागेवर राहिली.

आणि याच जिल्ह्यात, नोंद तर सोडाच, सांगणारे माणूसही एका पहाटेत नाहीसे झाले. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीच्या जाड भिंतींत, उतरंडीच्या तळाशी, कणगीत, चुलीमागच्या कोनाड्यात घराघरांनी ठेवलेले किडुकमिडुक त्याच मातीखाली गेले. ते कोठे ठेवले होते, हे ठाऊक असलेली माणसेही त्याच भिंतींखाली होती. वाचलेल्या नातवंडांना आजीच्या बोटातील अंगठी कशी होती, तिच्यात खडा लाल होता की हिरवा, हे सांगणारा कागदाचा एक कपटा असता, तरी त्यांना तो सोन्याहून मोलाचा वाटला असता.

तेव्हा येत्या लक्ष्मीपूजनाला वहीचे एक पान अलंकारांसाठी राखावे. पानावर नेहमीप्रमाणे ‘श्री’ लिहावे आणि खाली एकेका डागाची नोंद करावी. अंगठीच्या बाबतीत तिचे वजन ग्रॅममध्ये लिहावेच. जुन्या कागदांत तोळे-मासे-गुंजा असतील तर तेही तसेच उतरून ठेवावेत. बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा, हे नव्या पिढीसाठी बाजूला लिहून ठेवले तर बरे. खडे किती, कोणत्या रंगाचे, कोणते कोंदण रिकामे, हे लिहावे. नवरत्नांची अंगठी असेल तर मध्ये रवीचे माणिक, पूर्वेस शुक्राचा हिरा, आग्नेयेस चंद्राचा मोती, दक्षिणेस मंगळाचे पोवळे, नैर्ऋत्येस राहूचा गोमेद, पश्चिमेस शनीचे नील, वायव्येस केतूचा लसण्या, उत्तरेस गुरूचा पुष्कराज आणि ईशान्येस बुधाचा पाचू, असा ग्रहमंडलाचा क्रम तिच्यात जुळतो काय, ते पाहावे; जुळत नसेल तर एखादा खडा मागाहून बदलला गेला असण्याचा संभव असतो. खडा ‘लाभत नाही’ म्हणून काढून टाकण्यापूर्वी तरी हे लिहून ठेवावे. ग्रहांवर ज्याची श्रद्धा असेल त्याने खडा जरूर धारण करावा. मात्र पणजीच्या अंगठीतील खडा उपटून स्वतःच्या अंगठीत बसविणे, हे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नसावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाही, हेही परदेशी राहणाऱ्या मुलासाठी अंगठी राखून ठेवणाऱ्या मातापित्यांनी ध्यानात ठेवावे.

पूजेपूर्वी अलंकार धुण्याची चाल आहे. पाटल्या-बांगड्या रिठ्याच्या पाण्यात खुशाल घालाव्यात; बंद पाठीची जडावाची अंगठी मात्र पाण्यात बुडवू नये आणि गरम पाण्यात तर मुळीच नाही. लाख सैल होते, पाणी आत शिरते आणि वर्ख काळवंडतो. कोरड्या मऊ वस्त्राने पुसणे पुरे. मोती आणि पोवळे यांवर पंचामृतातील दही किंवा लिंबाचा रस पडू देऊ नये. आंबटाने त्यांचे पाणी कायमचे उतरते. हळदकुंकू अंगठीवर न टाकता तबकाच्या काठाला वाहावे, अक्षता जवळ ठेवाव्यात. देवीला ते पोहोचते.

भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, आत्या येतात, क्वचित एखाद्या थकलेल्या मावशीही येतात. ओवाळणीचे तबक खाली ठेवले की ती वही आणि ती अंगठी त्यांच्यापुढे ठेवावी. पुरुषांना जे आठवत नाही, ते या स्त्रियांना आठवते: अंगठी कोणाच्या लग्नात आली, कोणत्या सोनाराने घडविली, कोणते कोंदण कोणत्या बाळंतपणात रिकामे झाले. त्या सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, सालासह लिहून घ्यावे आणि अंगठी ज्या स्त्रीची असेल तिची सही त्या पानावर घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा चालेल.